राजाच्या बाजूचे टिपणीस

गल्फमध्ये नवा माणूस भेटला की लोक तीनच गोष्टी विचारतात. कुठले, कुठल्या कंपनीत, आणि फॅमिली इथे आहे का. टिपणीस यातलं काहीही विचारत नसत. अबू धाबीजवळ मुसफ्फाच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी मी सेफ्टी शूज घ्यायला स्टोअरच्या खिडकीशी गेलो, तर आत बसलेल्या हडकुळ्या, चष्मेवाल्या गृहस्थांनी मान वर न करता विचारलं, "इंग्लिश की फ्रेंच?"

मला वाटलं शूजचं माप विचारताहेत. म्हटलं, "आठ नंबर."

"माप नव्हे हो. बाजू. तुम्ही इंग्लिशांच्या बाजूचे की फ्रेंचांच्या?"

मी दादरचा माणूस. पहाटेच्या कंपनी बसमधून पेंगत आलेला, पोटात चहा नाही. माझं डोकं तसंही लवकर तापतं. म्हटलं, "मी पगाराच्या बाजूचा."

टिपणीसांनी गंभीरपणे मान हलवली. "म्हणजे भाडोत्री. तेही होते म्हणा. सगळ्यात जास्त गावं त्यांनीच जाळली." आणि मला शूज दिले, तेही नऊ नंबरचे.

सहा-साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंड-फ्रान्सच्या लढाया हा टिपणीसांचा विषय. विषय कसला, व्यसनच. दोन राजघराणी, एकमेकांची सख्खी सोयरी. फ्रान्सच्या गादीवर हक्क कुणाचा यावरून भांडायला बसली ती पिढ्यान्पिढ्या उठलीच नाहीत. बाप मेला की मुलगा लढायचा, मुलगा मेला की नातू. "शंभर वर्षांचं युद्ध म्हणतात," टिपणीस सांगत, "पण त्याहून जास्तच झालं. लोकांनी कंटाळून मोजायचं सोडलं."

हे सगळं ज्ञान एका पुस्तकातलं. कुणी गोरा इंजिनियर नोकरी सोडून जाताना पोर्टा केबिनमध्ये टाकून गेला होता. जाडजूड, पुठ्ठा फाटलेलं, आणि शेवटची पानं गायब. टिपणीस नवे आले तेव्हा कामगारांच्या कॅम्पवर सुट्टीचा शुक्रवार काढायला दुसरं काही नव्हतं. डिक्शनरी शेजारी ठेवून त्यांनी ते वाचलं, संपलं तेव्हा परत पहिल्यापासून वाचलं. मात्र शेवटच नसल्यामुळे जिंकलं कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आमचा जनरल मॅनेजर इंग्लिश आणि प्रोजेक्ट मॅनेजर फ्रेंच. टिपणीसांनी दोघांनाही विचारून पाहिलं होतं. इंग्लिश साहेब म्हणाला, "आम्ही, ऑफ कोर्स." फ्रेंच साहेब खांदे उडवून म्हणाला, "फ्रान्समध्ये आज कोण राहतं ते बघ." टिपणीसांनी दोघांनाही बाद केलं. "घरचे साक्षीदार आहेत. चालत नाहीत," म्हणाले.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, आमची मृणाल शाळेच्या लायब्ररीतून वाट्टेल ते पुस्तक आणते. उद्या सांगतो कोण जिंकलं ते, आणि एकदाची कटकट मिटवतो." तर या माणसाने दोन्ही कानांवर हात ठेवले. "सांगितलंत तर शूज मिळायचे नाहीत," म्हणाले. आता काय बोलायचं? जगभर विचारत फिरायचं आणि उत्तर मात्र नको. मी त्यांना इरसाल ठरवून मोकळा झालो.

मृणाललाही त्यांनी विचारलं होतंच. शुक्रवारी कधी आमच्याकडे अबू धाबीला जेवायला येत. तेव्हा ती सात-आठ वर्षांची. "इंग्लिश, अंकल. ऑब्व्हियसली," ती म्हणाली. का, तर "बिकॉज आय स्पीक इंग्लिश."

"बेटा, तेव्हा इंग्लंडचे राजेसुद्धा घरी फ्रेंचच बोलायचे," टिपणीस म्हणाले. मृणालने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, इज ही ओके?"

ओके होते की नाही कोण जाणे, पण त्या पुस्तकातून त्यांना पुढचं दिसायचं. मुसफ्फाची जमीन मिठागराची. वरून टणक, आणि वर्षाकाठी दोन दिवस पाऊस पडला की खालून लापशी. अशाच एका सकाळी फ्रेंच साहेबाने मोठी क्रेन यार्डाच्या मागच्या बाजूला न्यायचं फर्मान काढलं. टिपणीस स्टोअर सोडून बाहेर आले आणि साहेबाच्या पुढ्यात उभे राहिले. "सर, चिखल ओला आहे आणि चिलखत जड आहे. तुमच्या लोकांचं मागे एकदा असंच झालं होतं." साहेब म्हणाला, "यल्ला, यल्ला," आणि क्रेन पुढे गेली. दहा मिनिटांत चाकं दिसेनाशी झाली. वरच्या खिडकीत इंग्लिश साहेब पोट धरून हसत होता. त्या क्रेनवरून दोघांत जे मेमो उडाले ते संपायला उन्हाळा लागला.

डब्याच्या सुट्टीत आम्हीही हसत होतो. टिपणीस मात्र भाकरी मोडत शांतपणे म्हणाले, "हसू नका. आझिनकोरच्या शेतात असाच चिखल होता. फ्रेंच सरदार लोखंडात मढलेले. एक पडला की त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. खालचे बाणांनी मेलेच नाहीत, नाकातोंडात चिखल जाऊन मेले. जे जिवंत हाती लागले त्यातले बडे खंडणीसाठी ठेवले आणि बाकीचे कापले." शेजारच्या वेल्डरने डबा झाकून ठेवला. टिपणीसांबरोबर जेवायला बसलं की वजन कमी व्हायचं.

आता त्यांचा राजा सांगितला पाहिजे, आणि त्यासाठी आधी आमच्या कंपनीचा कायदा.

कंपनीत सगळ्यांचे पासपोर्ट ऑफिसच्या तिजोरीत. रजेवर जायचं तर जामीन लागायचा. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी सही करायची, की हा परत येईपर्यंत मी देश सोडणार नाही. एका वेळी एकालाच जामीन राहता येई. तेव्हा प्रत्येक जण रजेच्या आधी जामीन शोधत फिरायचा, आणि फिरत फिरत स्टोअरच्या खिडकीशी यायचा. "टिपणीस रिकामे आहेत का?" हा आमच्याकडे रोजचा प्रश्न होता. टिपणीस कुणालाच नाही म्हणत नसत. बाजू विचारत आणि सही करत. एकदा एक फोरमन त्यांच्या सहीवर गेला तो गेलाच. त्यापायी टिपणीसांची स्वतःची रजा वर्षभर बुडाली. आम्ही त्या फोरमनला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. टिपणीस म्हणाले, "राजाचंही असंच झालं होतं."

त्यांचा राजा म्हणजे फ्रान्सचा जॉन. लढाईत इंग्लिशांच्या हाती सापडला, लंडनला कैदेत राहिला. पुढे तह झाला. राजाने घरी जायचं, आणि बदल्यात त्याच्या मुलांनी ओलीस राहायचं. राजा घरी गेला. त्याच्या एका मुलाचं नवं नवं लग्न झालं होतं. त्याला राहवेना. एक दिवस तो पोरगा पळाला आणि बायकोकडे गेला. दरबारातले सगळे म्हणाले, जाऊ दे, आता काय करायचं. राजा म्हणाला, माझा शब्द होता. आणि आपल्या पायांनी लंडनला जाऊन परत कैदेत बसला. तिथेच मेला.

"कोण करतं हो असं?" टिपणीस विचारत, आणि चष्मा पुसत. "मी ना इंग्लिशांचा, ना फ्रेंचांचा. मी त्या राजाचा." मला विचाराल तर मला तो राजा महामूर्ख वाटायचा, आणि मी तसं त्यांच्या तोंडावर म्हणायचो.

एका वर्षी मी त्यांच्याच सहीवर रजेला गेलो. गल्फमधून कुणी निघालं की बाकीच्यांची पार्सलं आलीच. टिपणीसांनी रोह्याला बायकोकडे द्यायला एक पिशवी दिली. टँगचा डबा, साबण, बदाम, आणि चार ऑडिओ कॅसेटी. फोन तेव्हा परवडत नसे, लोक कॅसेट भरून पाठवत. मला वाटलं, असतील घरगुती गोष्टी.

रोह्याला दोन खोल्यांचं घर. सुमनवहिनी ब्लाऊज शिवायच्या. मूलबाळ नव्हतं. मी पाण्याचा पेला हातात घेतला न घेतला तोच त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही इंग्लिश की फ्रेंच?"

मी पेला खाली ठेवला.

शिलाई मशीनवर टेपरेकॉर्डर होता. वहिनींनी तिथल्या तिथे कॅसेट लावली. खरखरीतून टिपणीसांचा आवाज आला. पगार नाही, तब्येत नाही, उकाडा नाही. "तर गेल्या खेपेला आपण परत मागे कॅलेच्या वेढ्यापाशी येऊन थांबलो होतो. किल्ल्यातल्या लोकांनी आता घोडे खाल्ले, कुत्री खाल्ली, उंदीरही संपले..." आवाज ऐकून शेजारच्या दोन बाया पदराला हात पुसत आल्या आणि उंबऱ्यात बसल्या. एकीने विचारलं, "तो स्वतःला काचेचा समजणारा राजा आला का हो यात?" फ्रान्सचा एक राजा वेडा होता, कुणी हात लावला तर आपण फुटू म्हणून घाबरायचा. तो रोह्याच्या त्या आळीत फारच लोकप्रिय होता.

"कॅम्पवरचं काय सांगणार हे?" वहिनी मला नंतर म्हणाल्या. "एका खोलीत आठ माणसं, तेच स्टोअर, तेच ऊन. पहिल्या पहिल्या कॅसेटी नुसत्या खोकण्यात जायच्या. मग ही लढाई सापडली. यांची बाजू संपली की मागच्या बाजूला मी बोलते. भांडतो आम्ही. हे त्या राजाचे. मी पोराची."

"कुठल्या पोराची?"

"पळून गेला तो. काय चुकलं त्याचं? बायकोला भेटायलाच गेला ना?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "यांना म्हणावं, लढाई संपवायची घाई करू नका."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. कानांवर हात का ठेवायचे ते कळलं. परत आल्यावर मी त्यांना यावरून कधीच छेडलं नाही, आणि मी छेडल्याशिवाय कुणाला सोडत नाही, हे आमच्या हिला विचारा.

पुढे तीन-चार वर्षांनी रोह्याहून पुतण्याचा फोन आला. वहिनींच्या पोटात गाठ होती, मुंबईला दवाखान्यात आणलं होतं, आणि डॉक्टरांनी फार दिवस नाहीत असं सांगितलं होतं. ऑफिसने टिपणीसांना महिन्याची रजा दिली. पण जामीन पाहिजे.

ज्यांच्या ज्यांच्यासाठी या माणसाने सह्या केल्या होत्या, ते सगळे वर्कशॉपमध्येच होते. एकाची बायको यायची होती. एकाचा व्हिसा बदलत होता. एक म्हणाला, "इन्शाल्ला," आणि गल्फमध्ये इन्शाल्ला कुठल्या सुरात म्हटलं त्यावरून माणसाचं हो की नाही ते कळतं. माझी सही एका सर्व्हेअरसाठी अडकलेली, तो हैदराबादला रजेवर. मी ऑफिसात जाऊन कडाकडा भांडलो. तिथला माणूस म्हणाला, "सर, रूल इज रूल." त्याच्या टेबलावरचा पेपरवेट मी त्याच्या डोक्यात घातला नाही, एवढंच.

शेवटी दाऊद परकार आला. परकार आमचा सगळ्यात जुना वेल्डर, खेडकडचा. त्याच्या मुलीचा निकाह ठरला होता, पत्रिका छापून झाल्या होत्या. महिन्याभराने त्याला जायचं होतं. त्याने हातमोजे काढले आणि फॉर्म पुढे ओढला. "टिपणीस, तू जा. माझ्या तारखेच्या आत ये, म्हणजे झालं."

"येईन," टिपणीस म्हणाले.

महिना संपत आला आणि वहिनी अजून होत्या. मी फोनकार्ड घेऊन मुंबईच्या त्या दवाखान्यामागच्या बूथवर फोन लावत असे. टिपणीस म्हणत, "आहे. ओळखते." एकदा मी स्पष्टच सांगितलं, "येऊ नका. तुमच्या त्या राजाला घाला चुलीत. परकारचं आम्ही बघू काहीतरी." बघणार काय होतो, कपाळ. परकार शेजारीच उभा होता. त्याने माझ्या हातातून फोन घेतला. "तू वहिनीजवळच राहा. निकाह माझ्यावाचूनही होईल. पोरीचे मामा आहेत." फोन ठेवल्यावर तो गॅस सिलिंडरच्या पिंजऱ्यामागे जाऊन बराच वेळ उभा राहिला.

दोन दिवसांनी सकाळी बसमधून उतरलो तर स्टोअरची खिडकी उघडी. टिपणीस आत बसलेले, दाढी वाढलेली. परकार खिडकीशी उभा होता.

"तिकीट काढलंस का?" टिपणीसांनी त्याला विचारलं. मग ड्रॉवरमधून पेन काढलं. परकारलाही जामीन लागणारच होता. टिपणीसांनी सही केली.

"वहिनी?" मी विचारलं.

"आहे," ते म्हणाले, आणि रांगेतल्या माणसाला वेल्डिंगची काच दिली.

परकारच्या घरी मांडव घातला त्याच आठवड्यात पुतण्याचा दुसरा फोन आला. मी धावतच इंग्लिश साहेबाकडे गेलो. तो चांगला माणूस. म्हणाला, जाऊ दे त्याला, रूल मी बघतो. माझा सर्व्हेअरही तोवर परतला होता, सही करायला मी मोकळा होतो. मी खिडकीशी येऊन म्हटलं, "चला, उठा, गाडी तयार आहे."

टिपणीस उठले नाहीत. "आता कशाला? मी पोचेपर्यंत ठेवणार नाहीत तिला. पुतण्या करेल सगळं. आणि मी हललो तर ऑफिसवाले परकारला तार करतील, मांडवात." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मागे रांग आहे," ते मला म्हणाले. मी बाजूला झालो. दुपारपर्यंत ते हातमोजे वाटत होते, आणि मी वर जाऊन कधी नव्हे तो ऑफिसात रडलो.

त्यानंतर त्यांनी बाजू विचारणं सोडलं. नवा माणूस यायचा, शूजचा नंबर सांगायचा, शूज घेऊन जायचा. जुने लोक खिडकीशी उगाच रेंगाळायचे. परकार मिठाईचा डबा घेऊन आला, तेव्हा टिपणीसांनी त्याला मुलीचं सासर कसं आहे, जेवणं नीट झाली का, एवढंच विचारलं. परकारने तेवढीच उत्तरं दिली आणि जाताना त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

बऱ्याच महिन्यांनी एका शुक्रवारी मी त्यांना ओढूनच जेवायला आणलं. मृणाल एव्हाना मोठ्या वर्गात गेली होती. तिला यातलं फारसं काही माहीत नव्हतं. ताटं वाढता वाढता ती म्हणाली, "अंकल, वुई डिड युवर वॉर इन स्कूल. आय नो हू वन."

मी तिच्यावर डोळे वटारले. टिपणीसांचे हात ताटाशीच राहिले.

"सांग," ते म्हणाले.

"द फ्रेंच. इंग्लिश लॉस्ट ऑलमोस्ट एव्हरीथिंग. जस्ट वन टाउन वॉज लेफ्ट. कॅले."

"असं होय," टिपणीस म्हणाले. वरणभात कालवला, पण घास उचलला नाही. "तिला सांगायला पाहिजे होतं. त्या शेजारच्या बायका अजून विचारतात म्हणे."

आमची ही मृणालला घेऊन आत गेली. अशा वेळी मी मूर्खासारखं काहीतरी बोलतो. म्हटलं, "तुमच्या राजाने तुमचा घात केला, टिपणीस."

"राजाने नाही हो," ते म्हणाले. "शेवटी तिला फारसं बोलवत नव्हतं. पण परकारची तारीख तिच्या बरोबर लक्षात होती. फोनवर परकार बोलला त्या दिवशी तिने विचारलं, राजा परत कैदेत निघाला तेव्हा घरचं माणूस काय म्हणालं? मी म्हटलं, पुस्तकात काही दिलेलं नाही. म्हणाली, देणारच नाहीत. मग बराच वेळ डोळे मिटून पडली. मला वाटलं झोपली. तर म्हणाली, मी बाजू बदलली. मी आता राजाच्या बाजूची. जा तुम्ही."

बाहेर मशिदीतून दुपारची अजान सुरू झाली. ती संपेपर्यंत ते थांबले.

"इतकी वर्षं त्या पोरावरून माझ्याशी भांडली. एक कॅसेट हरली नाही. आणि त्या दिवशी हरली. मला निघता यावं म्हणून खोटं बोलली हो." त्यांनी ताटातला भात बोटांनी एका बाजूला सारला. "मी विमानात बसलो तेव्हाच मला कळलं होतं. त्या पोराचंच बरोबर होतं."